चप्पल तुटली का?

मेढ्यात गेली अडीच वर्षं मला सकाळी एक प्रश्न ठरलेला आहे. "काय ओ भाऊ, चप्पल तुटली का?"

विचारणारे बदलतात, प्रश्न तोच. कधी डेअरीला दूध घालायला निघालेला गडी असतो, कधी पहिल्या एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या मावशी. एका आजींनी तर माझे मातीने भरलेले पाय बघून विचारलं, "नवस बोललाय का रं? कुसुंबीला चाललाय का काळूबाईला?" मी म्हटलं, "न्हाय आजी, पळायला गेलतो." आजींनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पळायचंय तर पळ. पण पायात घालायला काय धाड भरलीय?"

आता प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. शेवटी एक काम सांगणार आहे, त्यामुळे मधेच उठू नका.

सुरुवात टाचेपासून झाली. सकाळी अंथरुणातून उठून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. पत्रकाराचं आयुष्य म्हणजे मोटरसायकल, खुर्ची, चहा आणि वडापाव. पंचेचाळिशी जवळ आली की शरीर हिशोब मागतं. साताऱ्याला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, टाचेखालची शीर सुजली आहे, वजन कमी करा, हे हे व्यायाम करा, मऊ तळाची चप्पल वापरा. चप्पल लगेच घेतली. बाकीचं नेहमीप्रमाणे उद्यावर टाकलं.

त्याच सुमारास कामासाठी पुण्याला गेलो होतो. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं चाळताना एक इंग्रजी पुस्तक हातात आलं, ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचं 'बॉर्न टू रन'. 2009 सालचं. पाठीमागचा मजकूर वाचला तर लेखक पत्रकार, आणि त्याचा पाय दुखतोय! माझा पाय का दुखतो, या एका प्रश्नाचा माग काढत हा माणूस पार मेक्सिकोच्या दऱ्याखोऱ्यांत पोचलेला. म्हटलं, आपल्याच धंद्यातला माणूस, आपलंच दुखणं. दीडशे रुपये दिले आणि घेतलं.

माझं इंग्रजी बेताचं. रोज रात्री बातम्या पाठवून झाल्या की चार-पाच पानं, शेजारी मोबाईलवर शब्दकोश. पण वाचताना अशी गोडी लागली की विचारू नका. मेक्सिकोत कॉपर कॅन्यन नावाचा दऱ्यांचा मुलूख आहे. आपल्या जावळीच्या खोऱ्यासारखाच अवघड, फक्त कोरडा आणि कितीतरी मोठा. तिथे ताराहुमारा नावाचे आदिवासी राहतात. ते स्वतःला रारामुरी म्हणवतात. म्हातारी माणसंसुद्धा तासन्‌तास डोंगरात पळतात. आणि पायात काय? टायरच्या रबराचा तुकडा आणि चामड्याची वादी. म्हणजे आपल्याकडची टायरची चप्पल की राव! आमच्या आज्याच्या पायात मरेपर्यंत तीच होती.

त्यातला एक प्रसंग मी बायकोला उठवून वाचून दाखवला. 1993 साली अमेरिकेत लेडव्हिल गावी शंभर मैलांची, म्हणजे सुमारे 160 किलोमीटरची डोंगरातली शर्यत झाली. रारामुरींचं पथक आलेलं. त्यांना बूट दिलेले. त्यांनी ते काढून टाकले, भंगारातल्या टायरच्या चपला करून घातल्या आणि पळाले. पहिला आला तो व्हिक्टोरियानो चुर्रो, वय वर्षं 55. बायको झोपेतच म्हणाली, "मग तुम्ही अजून लहानच आहात. जावा पळायला." ती टोमणा मारत होती. मी ते मनावर घेतलं.

पहिल्या दिवशी मी वेण्णेच्या अंगाला जाणाऱ्या पाणंदीत चपला काढून एका दगडावर ठेवल्या आणि शंभर पावलं पळालो. मोजून शंभर. जानेवारी होता, भात काढून झालेलं, दंवाने माती गार पडलेली. पहिल्या दहा पावलांतच एक गोष्ट कळली. बुटात आपण टाच आपटून पळतो. उघड्या पायाने टाच आपटली की मेंदूपर्यंत ठणका जातो, त्यामुळे पाय आपोआप चवड्यावर पडायला लागतो. पावलं लहान होतात, गुडघे वाकतात, आवाज कमी होतो. मला कुणी शिकवलं नाही. माती दोन मिनिटांत शिकवते.

नंतर वाचलं तर यावर अभ्यासही झालेला. हार्वर्ड विद्यापीठातले डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात निबंध लिहिला. लहानपणापासून अनवाणी पळणारे केनियाचे धावपटू आणि बूट घालणारे यांच्या पावलांखाली किती जोराचा धक्का बसतो ते त्यांनी मोजलं. अनवाणी पळणारे बहुतेक चवड्यावर किंवा पूर्ण पावलावर उतरतात आणि जमिनीला पाय लागताना बसणारा झटका त्यांच्यात कमी असतो, असं निघालं. मात्र अनवाणी पळाल्याने दुखापती कमी होतात, असं त्या निबंधाने म्हटलेलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण जगभरच्या बातम्यांनी मथळा तसाच करून टाकला. मग बाजार आला. पायाच्या बोटांसारखी पाच बोटं असलेले बूट निघाले, ते घातले की पाय मजबूत होतात अशी जाहिरात झाली. लोक कोर्टात गेले आणि 2014 साली व्हायब्रम कंपनीने सुमारे पावणेचार कोटी रुपयांत नव्हे, पावणेचार दशलक्ष डॉलरमध्ये तडजोड केली. आपल्या रुपयांत तेव्हाचे बावीस-तेवीस कोटी धरा. चप्पल न घालण्याचेही एवढे पैसे होतात, हे वाचून मी बराच वेळ हसत होतो.

तर शंभर पावलांवरून दोनशे, दोनशेवरून पाचशे. तिसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा भरून आल्या की जिना उतरताना बाजूला धरून उतरायचो. मग दोन दिवस सुट्टी, परत थोडं. पहिला सलग किलोमीटर व्हायला दोन महिने लागले. आज मी चार किलोमीटर पळतो, आठवड्यात चार दिवस. टाच बरी झाली का? झाली. पण त्याच काळात सात किलो वजन उतरलं आणि डॉक्टरांनी सांगितलेले व्यायामही मी शेवटी केले. श्रेय कुणाचं, हे ठरवायला मी डॉक्टर नाही.

आनंदाचं मात्र मी सांगू शकतो, कारण तो माझाच आहे. दंव पडलेल्या गवताची गारठ, मुरमाची खरखर, रात्रभर पाणी दिलेल्या रानाच्या बांधाचा मऊपणा, डांबरावर सकाळी आठनंतर चढत जाणारी ऊब. आपल्याच गावात इतक्या प्रकारची जमीन आहे, हे मला चाळीस वर्षं माहीत नव्हतं. पावसाळ्यात चिखल बोटांमधून वर येतो तेव्हा माणूस सहा वर्षांचा होतो. पळताना दुसरं काही सुचत नाही. पुढच्या दहा पावलांत काय आहे, एवढंच बघायचं असतं. दिवसभर फोन, व्हॉट्सॲप, कुणाचं निवेदन, कुणाचा राग. ती पंचवीस मिनिटं यातलं काही नाही. धसकटं चुकवायची, शेणाचा पो चुकवायचा, बास.

आणि रात्री परत वाचायचं. पाय पळायला लागले तसं वाचनही पळायला लागलं.

इथिओपियाचा अबेबे बिकिला वाचला. 1960 चं रोम ऑलिम्पिक. नवे बूट नीट बसेनात, पायाला फोड येत होते, म्हणून गडी बूट न घालताच मॅरेथॉनला उभा राहिला. रात्रीच्या वेळी मशालींच्या उजेडात दगडी रस्त्यांवरून पळाला आणि 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत जिंकला. ती तोवरची जगातली सगळ्यात वेगवान मॅरेथॉन होती. गंमत पुढे आहे. चार वर्षांनी टोकियोत तो परत जिंकला, आणखी वेगात, आणि तेव्हा त्याच्या पायात बूट होते. म्हणजे अनवाणी असण्यात जादू नव्हती. त्या दिवशी त्याच्या पायाला जे सोसत होतं ते त्याने निवडलं.

मग आपल्याकडचं शोधायला लागलो, आणि थेट पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर येऊन पोचलो. पहिल्या महायुद्धानंतरची गोष्ट. सर दोराबजी टाटा तिथल्या वार्षिक स्पर्धांना आले होते. त्यांनी बघितलं की पळणारी बरीचशी शेतकऱ्यांची पोरं आहेत, साधं खाणारी, कुणी अनवाणी, कुणाच्या पायात पातळ चामड्याचं देशी पायताण. नियम माहीत नाहीत, पण वेळा अशा की युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाव्यात. हे सगळं टाटांनी पुढे 1929 साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना पत्रात कळवलं. त्याच स्पर्धांमधून 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारताचं पहिलं पथक गेलं. मॅरेथॉनला दोघं होते. एक बेळगावचे फडेप्पा चौगुले, ते 2 तास 50 मिनिटांत पळून 19 वे आले. आणि दुसरे सदाशिव दातार, आपल्या साताऱ्याचे!

मी वीस वर्षं साताऱ्याच्या बातम्या लिहितोय. साताऱ्याचा माणूस शंभर वर्षांपूर्वी ऑलिम्पिकची मॅरेथॉन पळाला, हे मला एका इंग्रजी पुस्तकामुळे सुरू झालेल्या नादातून कळलं. यवतेश्वरच्या घाटात 2012 पासून हिल मॅरेथॉन होते, हजारो लोक बाहेरून येतात, आम्ही पानभर फोटो लावतो. दातारांचं नाव मी तरी कधी छापलेलं नाही.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. आता जे लिहितोय ते लिहायला मला दोन आठवडे लागले.

वाचता वाचता मी आपल्या मराठी बातम्याही काढून बघितल्या. 'अनवाणी' हा शब्द घालून शोधायला लागलो. 2016 साली मिलिंद सोमण अहमदाबादहून मुंबईपर्यंत अनवाणी पळाले. त्याच्या बातम्या फिटनेसच्या पानावर. जिद्द, शिस्त, निरोगी जीवनशैली. बरोबरच आहे, मोठं काम आहे ते. आता दुसरी बातमी बघा. बारामतीच्या लता भगवान करे. मोलमजुरी करणारी साठी ओलांडलेली बाई. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते, म्हणून ज्येष्ठांच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी लुगड्यात, अनवाणी पळाली आणि पहिली आली. पुढे तिच्यावर सिनेमा निघाला, त्यात तिनेच काम केलं, राष्ट्रीय पुरस्कारात त्याचा विशेष उल्लेख झाला. तिच्या बातम्यांत काय आहे? गरिबी, अश्रू, डोळे पाणावले. तिला रोज मैलोन्‌मैल चालायची सवय होती, तिचा दम किती, तिचं पाऊल कसं पडतं, ती तरुण पोरींनाही मागे टाकेल का, हे कुणी विचारलेलं मला सापडलं नाही. पाय दोघांचेही उघडेच. एकाच्या उघड्या पायांत आम्हाला ताकद दिसली, दुसरीच्या उघड्या पायांत फक्त दारिद्र्य.

आणि हे वाचताना मला माझीच एक बातमी आठवली.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. तालुका पातळीवरच्या शालेय क्रीडा स्पर्धा. डोंगरातल्या एका वाडीची पोरगी, आठवी-नववीतली, 800 मीटरला पहिली आली. साधीसुधी नाही, दुसरी पोरगी अजून वळणावर असताना ही पोचलेली. पायात काही नव्हतं. मी लगेच फोटो काढला. तिच्या चेहऱ्याचा एक आणि पायांचा एक. डिप्लोमाच्या वर्गात आम्हाला शिकवलेलं होतं की बातमीत सगळ्यात महत्त्वाचं ते वर घ्यायचं. मी वर घेतलं ते असं: 'पायात बूट नाहीत, तरी जिंकली'. फोटो पायांचा लावला, मोठा.

बातमी गाजली. तेव्हा व्हॉट्सॲप नवं होतं, तरी फिरली. पुण्या-मुंबईहून फोन आले. एका सज्जन माणसाने महागडे बूट पाठवले. शाळेत कार्यक्रम झाला, हार-तुरे, बूट देतानाचा फोटो. तोही मीच लावला. मनात म्हटलं, चला, आपल्या लेखणीने एका पोरीचं भलं झालं.

पाच-सहा दिवसांनी साताऱ्याला जिल्हा पातळीवरची स्पर्धा होती. पोरगी नवे बूट घालून उतरली. न घालून सांगते कुणाला? देणाऱ्यांनी फोटो मागितला होता. बूट अर्धा नंबर मोठे आणि नवे कोरे. दुसऱ्या फेरीत तिची टाच सोलली. ती सहावी आली. मी ती बातमी दिली नाही. सहाव्या नंबरची बातमी नसते.

आठवडाभराने तिचे वडील मला बाजारात भेटले. नवी मुंबईला माथाडी कामगार, सुट्टीवर आलेले. आपल्या जावळीतल्या निम्म्या घरांचं हेच आहे. मला वाटलं, आभार मानतील. ते शांतपणे म्हणाले, "सायेब, माझी पोरगी पयली आली ते तुम्ही खाली लिवलं. आन्‌ तिच्या पायात बूट न्हाई ते वर लिवलं. बूट होतं ओ तिला. मी मुंबैवरनं आणलं होतं. तिला त्याच्यात पळायला आवडत न्हाई."

मी काहीतरी पुटपुटलो. चहा घेता का म्हणालो. ते म्हणाले, "नको, गाडी हाय."

बूट होते. मी विचारलंच नव्हतं. कोण, काय, कुठे, कधी, का, कसं, हे सहा प्रश्न घोकून पास झालेला मी, आणि त्या पोरीला एक प्रश्न विचारला नाही: तू अनवाणी का पळतेस?

एवढी वर्षं हे मी मनाच्या मागे सारून ठेवलं होतं. स्वतः अनवाणी पळायला लागल्यावर ते पुढे आलं. कारण आता मला माहीत आहे ती का पळत होती. मातीवर पाय सुटतो तेव्हा काय वाटतं, ते मला पंचेचाळिशीत, पुस्तक वाचून कळलं. तिला ते चौदाव्या वर्षी आपोआप ठाऊक होतं. आणि मी त्याची दया करून टाकली.

आता कुणी म्हणेल, मग काय, गरिबीचं कौतुक करायचं का? पोरांना बूट नकोत का? अजिबात तसं म्हणत नाही. ज्याला बूट हवे आहेत त्याला बूट मिळालेच पाहिजेत. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली, ती चांगले बूट, चांगलं खाणं आणि चांगलं प्रशिक्षण मिळालं म्हणून. नाशिकच्या सावरपाड्याची कविता राऊत शाळेत असताना अनवाणी पळायची. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने 10,000 मीटरला कांस्य मिळवलं, ते अनवाणी राहून नव्हे. मला एवढंच म्हणायचं आहे की बूट नसणं आणि बूट काढून ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात. फरक कळायचा तर विचारावं लागतं.

आणि माझं वाचून उद्या कुणी चपला फेकून पळत सुटू नये, म्हणून थोडं सरळ सांगतो. ज्यांना साखर आहे त्यांनी अनवाणी पळूही नका, चालूही नका. मधुमेहात तळव्याची संवेदना कमी होते, काटा लागलेला कळत नाही आणि छोटी जखम पाय घेऊन जाते. पावसाळ्यात जिथे माणसं उघड्यावर बसतात अशी ओली माती टाळा, हुकवर्म नावाचे जंत तळव्याच्या कातडीतून आत शिरतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. अंधारात पळू नका, आपल्याकडे फुरसं आणि घोणस काही कमी नाही. आणि सुरुवात शंभर पावलांपासून करा. पुस्तक वाचून पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर पळणारे लोक नंतर सहा महिने लंगडतात, हेही मी वाचलंय.

आता कामाचं बोलतो.

पहाटे साडेपाचला सातारा रस्त्याला उभे राहा. पोलीस भरतीची आणि सैन्य भरतीची पोरं-पोरी रांगेने पळताना दिसतील. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर मारायचं असतं. ही पोरं डांबरावर पळतात, अंधारात, डंपर आणि दुधाच्या गाड्यांच्या उजेडात. समोरून हेडलाईट आला की साईडपट्टीच्या खडीवर उतरतात. महिन्याभरापूर्वी माझ्या डोळ्यांदेखत एक पोरगी थोडक्यात वाचली. तिला विचारलं (आता मी विचारतो), मैदानावर का पळत नाहीस? ती म्हणाली, "काका, मैदानात काचा हायेत. बुटातनं बी घुसत्यात."

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर जाऊन बघितलं. खरंय. बायकांनी मतदान करून बाटली आडवी केलेला आपला तालुका, आणि मैदानावर एवढ्या बाटल्यांच्या काचा येतात कुठून, हे ज्याचं त्याने मनाला विचारावं. शिवाय मांडवाचे खिळे, तारांचे तुकडे, कुणीतरी ओतलेला राडारोडा. सभा आपली, लग्न आपलं, वाढदिवस आपला, आणि खिळे पोरांच्या पायात.

मी यात कुठल्या कार्यालयाचं नाव घेणार नाही. निवेदन द्यायचं तेव्हा देऊ. पण काच उचलायला निवेदन लागत नाही. मी एक करून बघितलं. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं, सुतळी बांधली आणि मैदानाच्या एका कोपऱ्यात ओढत फिरवलं. अर्ध्या तासात त्रेचाळीस खिळे. काचा हाताने वेचल्या, एक घमेलं भरलं. त्या कोपऱ्यात मी आता रोज दहा फेऱ्या मारतो, उघड्या पायाने. एका माणसाच्या एका सकाळीचं एवढं काम होत असेल, तर तीस माणसांचं किती होईल?

मला सिंथेटिक ट्रॅक नको. तो येईल तेव्हा येईल. आपल्याला हवाय तो चुना मारून आखलेला 400 मीटरचा मातीचा गोल, आत काच नाही, खिळा नाही, कडेला एक दिवा आणि एक पाण्याचा नळ. ज्याला बुटात पळायचंय त्याने बुटात पळावं, ज्याला काढून पळायचंय त्याने काढून. त्या पोरांना निवडता आलं पाहिजे, एवढंच.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मी मैदानावर आहे. जाड हातमोजे, घमेलं, खराटा, आणि घरात जुना स्पीकर असेल तर त्यातलं चुंबक घेऊन या. भरतीच्या पोरांना सांगितलंय, ती येणार आहेत. त्या दिवशी चपला घालूनच या, काचा निघेपर्यंत तरी.

शेवटचं एक सांगून थांबतो. ते माथाडी वडील आता रिटायर होऊन गावी आलेत. गेल्या महिन्यात पाणंदीत समोरासमोर गाठ पडली. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, आणि हसायलाच लागले. म्हणाले, "सायेब, आता तुमची बातमी कोण लावणार? 'पत्रकाराच्या पायात चप्पल न्हाई', असं वर घ्या."

मी तिथेच त्यांची माफी मागितली. बारा वर्षं उशिरा. ते म्हणाले, "माझ्याकडं काय मागताय? तिलाच बोला." फोन लावून दिला. ती आता लग्न होऊन नवी मुंबईला आहे, एक मूल आहे, नोकरी करते. सकाळी पळते. बुटात पळते, तिथे रस्ते तसे आहेत. गावाला आली की काढून ठेवते.

मी सगळं बोललो. मथळा, फोटो, बूट, सहावा नंबर. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जाऊ द्या काका. बूट चांगले होते. फक्त आधी विचारायला पाहिजे होतं."

दिवाळीला ती येणार आहे. तोपर्यंत मैदान साफ झालेलं असावं, अशी माझी इच्छा आहे. तिला विचारणार आहे, पळणार का म्हणून.